पंधराव्या वर्षी बीपी? आधी आठवडाभर नीट मोजू या

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला. अंगानं भरलेली, शाळेच्या कबड्डी संघात खेळते. स्पर्धेसाठी फिटनेसचा दाखला हवा होता म्हणून गावातल्या दवाखान्यात नेलं, तर बीपी १४२/८८ निघालं. डॉक्टरांनी चार दिवसांनी परत बोलावलं, तेव्हा १३६/८४. ते म्हणाले, ‘घरी मोजून लिहून आणा, मग बघू.’ सासऱ्यांचं मशीन घरात आहेच. तेव्हापासून मी वेळ मिळेल तेव्हा मोजतेय. सकाळी ११८/७२, क्लासहून आल्यावर १४६/९०, जेवताना १३१/७९, झोपताना १२४/७६. यातलं खरं कुठलं धरायचं? आता ती मशीन बघितलं तरी चिडते, हात पुढं करत नाही. नवरा म्हणतात, ‘या वयात कसलं बीपी, मशीन बिघडलंय.’ सासूबाई म्हणतात, ‘पोरीची जात आहे, कुठं बोलू नका, उद्या लग्नाला अडचण येईल.’ औषधाच्या दुकानात विचारलं तर आजोबांची अर्धी गोळी द्या म्हणाले. अजून दिली नाही. सासऱ्यांना आणि माझ्या वडिलांनाही बीपी आहे. माझी तर झोप उडालीय. काय करू?

— एक आई, सांगली जिल्हा

*

ताई, आजोबांची गोळी दिली नाहीत, हे फार चांगलं केलंत. यापुढेही देऊ नका, अर्धी नाही आणि पावही नाही. बीपीच्या गोळ्या एकाच जातीच्या नसतात. एक नाडी मंद करते, दुसरी अंगातलं पाणी आणि क्षार कमी करते, तिसरीचा परिणाम थेट मूत्रपिंडावर होतो. पंधरा वर्षांच्या मुलीला यातली कुठली लागेल, मुळात लागेल की नाही, हे कारण शोधल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. शिवाय गोळी पोटात गेली की मशीनवरचे आकडे तिचे राहत नाहीत, गोळीचे होतात. मग खरं बीपी किती होतं हे कळायची वाटच बंद होते.

तुमच्या यजमानांना वाटतं तसं अनेकांना वाटतं. पण २०१६ ते २०१८ या काळात आपल्या देशात मुलांचं मोठं राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं. त्यात १० ते १९ वयोगटातल्या दर शंभरातल्या साधारण पाच मुलांचं बीपी वाढलेलं आढळलं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तिघं. या तिघांना बहुतेक वेळा काहीच होत नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, ती खेळतात, हसतात, अभ्यास करतात. त्यामुळे मोजल्याशिवाय ते सापडत नाही. तुमच्या मुलीचं दाखल्याच्या निमित्तानं मोजलं गेलं, याचं मला मनापासून बरं वाटलं. मुलं तीन वर्षांची झाल्यापासून वर्षातून एकदा तरी त्यांचं बीपी तपासावं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक सूचना सांगते. आपल्याकडे मुलाचं वजन करतात, घसा बघतात, पण बीपीचा पट्टा बहुतेक मोठ्यांच्याच दंडाला बांधला जातो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. चार आकड्यांतला खरा कुठला? ताई, चारही त्या त्या क्षणापुरते खरे असू शकतात, पण एकट्यानं निकाल द्यायची ताकद त्यातल्या एकातही नाही. बीपी दिवसभर वर-खाली होत असतं. क्लासहून सायकल मारत आलेल्या, भूक लागलेल्या, लघवी दाबून धरलेल्या मुलीचं बीपी चढलेलं दिसणारच. जेवताना हात हलतो, बोलणं चालू असतं, तेव्हाचा आकडा धरूच नये. आपल्याला हवी आहे मुलगी शांत बसलेली असतानाच्या, ठरल्या वेळच्या मोजण्यांची सरासरी. तुमच्या डॉक्टरांनी घरी मोजायला सांगितलं ते त्यासाठीच.

दवाखान्यातले दोन आकडे मात्र सोडून द्यायचे नाहीत. तेरा वर्षांवरच्या मुलांसाठी वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या सूचनेत १२०/८० च्या आतलं बीपी चांगलं मानलंय. वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत असेल, तर वाढीकडे झुकलेलं. १३०/८० किंवा त्याहून जास्त असेल तर उच्च रक्तदाबाचा पहिला टप्पा आणि १४०/९० पासून पुढे दुसरा. वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळ्या पायरीवर पडले, तर जी पायरी वरची ती धरायची. युरोपातले डॉक्टर सोळा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्ता वापरतात. पण कुठलीही पद्धत घेतली तरी निदान एका भेटीत होत नाही. तीन वेगवेगळ्या भेटींत बीपी जास्त भरलं, तरच त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. तुमच्या दोन भेटी झाल्यात, आणि दुसऱ्यांदा आकडा उतरलाय. म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही, आणि काहीच नाही असंही म्हणता येत नाही.

या मधल्या जागेत घरचं मशीन फार कामाला येतं. कितीतरी मुलांचं बीपी दवाखान्यात, डॉक्टर समोर असताना चढतं आणि घरी अगदी व्यवस्थित असतं. अशा मुलाला वर्षानुवर्षं गोळ्या खाव्या लागल्या तर तो अन्याय आहे. उलटंही होतं. दवाखान्यात सगळं ठीक दिसतं आणि घरी, शाळेत बीपी वाढलेलं असतं. हे जास्त काळजीचं, कारण ते नजरेतून निसटतं. तुमची मुलगी पहिल्या गटातली असू शकते, खरोखर बीपी वाढलेल्या मुलांपैकीही असू शकते. ते कळायला एक आठवडा नीट मोजावं लागेल. सध्या तुम्ही वेळ मिळेल तेव्हा मोजताय ते आजपासून थांबवा. या घडीला मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

मशीनपासून सुरुवात करू. दंडाला पट्टा बांधायचं असेल तर आजोबांचं चालेल. मनगटाचं असेल तर मुलीसाठी वापरू नका, हात जरा खाली-वर झाला तरी त्याचा आकडा बदलतो. बारा वर्षांपुढच्या मुलांना, मोठ्या माणसांवर शास्त्रोक्त पडताळणी झालेलं मशीन चालतं, वेगळं घ्यावं लागत नाही. तुमच्या मशीनची अशी पडताळणी झालीय का, हे ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर मॉडेलचा नंबर शोधून बघता येईल. ते जमलं नाही तर पुढच्या भेटीला मशीन सोबत न्या आणि डॉक्टरांच्या मशीनशेजारी, त्याच हातावर मोजून घ्या. पाच-सात अंकांचा फरक समजू शकतो. सारखा पंधरा-वीसचा फरक येत असेल तर मशीन बदलायला हवं, आणि तुमच्या यजमानांची शंका खरी धरायची.

पट्ट्याकडे मात्र बारकाईनं बघा, कारण मला तिथंच शंका येतेय. शिवणकामाची टेप घ्या. मुलीचं खांद्याचं हाड ते कोपराचं टोक यांचा मध्य काढा आणि तिथं दंडाचा घेर मोजा. घरगुती मशीनसोबत बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा पट्टा येतो, त्याच्यावर तसं छापलेलं असतं. मुलगी अंगानं भरलेली आहे असं तुम्ही लिहिलंय. तिचा घेर ३२ च्या पुढे निघाला तर हा पट्टा तिला आखूड पडतो, आणि आखूड पट्ट्यानं बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराचा निदान ऐंशी टक्के भाग वेढेल इतकी लांब हवी. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, फक्त तुमच्याच मशीनच्या कंपनीचा घ्या. गावातल्या दवाखान्यात त्या दोन्ही दिवशी कुठला पट्टा वापरला होता, हेही एकदा विचारा. डॉक्टरांना राग येईल असं समजू नका. मला कुणी असं विचारलं तर मला आनंदच होतो.

आता मुलगी चिडते त्याविषयी. ताई, पंधरा वर्षांच्या मुलीचा दंड पकडून आई दिवसातून पाच वेळा पट्टा बांधते, आकडा आला की आईचा चेहरा उतरतो, आजी दारातून विचारते ‘किती आलं?’ — अशात कुणाचंही बीपी चढेल. तिनं हात पुढं करणं बंद केलं ते मला अगदी समजतं. मशीन तिच्या ताब्यात द्या. तिला खुर्चीत बसवा आणि सरळ सांगा की दवाखान्यातल्या आकड्यावरून काही ठरत नाही, आपल्याला सात दिवसांची नोंद लागणार आहे आणि ती नोंद तू ठेवायची आहेस. दहावीची मुलगी बीजगणित सोडवते, तिला चोवीस आकड्यांची सरासरी काढणं जड नाही. तुम्ही पहिल्या दिवशी पट्टा कसा बांधायचा ते दाखवा आणि मग बाजूला व्हा. आकडे मशीनच्या स्मृतीतही राहतात, त्यामुळे ती काय लिहिते म्हणून वहीत डोकवायची गरज पडणार नाही.

साधा, शाळेचा आठवडा निवडा. सहामाही परीक्षेचा नको, घरी लग्नकार्य असलेला नको, तापाचा-सर्दीचा नको. रोज सकाळी आणि संध्याकाळी, शक्यतो ठरल्या वेळी. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी. संध्याकाळी क्लास आणि सराव आटोपल्यावर अर्धा तास जाऊ द्यायचा, मग जेवणाआधी. टेकायला पाठ असलेली खुर्ची घ्यायची, पलंग नको, जमिनीवर मांडी घालूनही नको. पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही. हात टेबलावर, तळवा वर, पट्टा छातीच्या उंचीला येईल असा. टेबल खाली असेल तर हाताखाली चादरीची घडी ठेवा. बाही दंडावर गुंडाळली तर ती करकचते, म्हणून सैल बिनबाह्यांचा टॉप बरा. पट्टा उघड्या कातडीवर, कोपराच्या खळीच्या दोन बोटं वर, आणि त्याच्या आत एक-दोन बोटं जातील इतकाच घट्ट. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. फोन दुसऱ्या खोलीत. टीव्ही बंद. मोजताना कुणी तिच्याशी बोलायचं नाही आणि तिनंही उत्तर द्यायचं नाही. एकदा मोजायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे आणि नाडीचे ठोके लिहायचे. आकडा मोठा आला म्हणून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मोजत बसायचं नाही, आणि छोटा आला म्हणून तेवढाच लिहायचा नाही.

असे सात दिवसांत अठ्ठावीस आकडे होतील. पहिल्या दिवशीचे चार सोडून द्यायचे, कारण नवखेपणानं ते बहुतेक जास्त असतात. उरलेल्या चोवीसांची सरासरी, वरच्या आकड्यांची वेगळी आणि खालच्यांची वेगळी. एखाद-दुसरा दिवस हुकला तर सगळं पाण्यात गेलं असं नाही, निदान तीन दिवसांचे नीट घेतलेले आकडे असले तरी डॉक्टरांना उपयोग होतो. सहा-सात दिवसांचे असतील तर जास्त भरवसा.

मोजण्याच्या हातासंबंधी थोडं जास्त लिहिते, कारण विषय मुलीचा आहे. अगदी पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. त्यानंतर नेहमी उजव्या हातावर. मुलांच्या बीपीचे तक्ते उजव्या हाताच्या मोजणीवरून केलेले आहेत, आणि काही मुलांच्या महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, जन्मापासून एके ठिकाणी अरुंदपणा असतो, त्यात डावा हात फसवा कमी आकडा देऊ शकतो. दोन्ही हातांत दहा-पंधरापेक्षा जास्त फरक सतत येत असेल, किंवा एका हातावर मशीन पुन्हा पुन्हा चूक दाखवत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि जो हात जास्त दाखवतो तो धरा. भारतातल्या किशोरवयीन मुलींमध्ये ताकायासू नावाचा, मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार दिसतो. तो नेहमी आढळत नाही, पण मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी त्यात अरुंद झाली की बीपी खूप वाढतं, आणि एका हाताची नाडी क्षीण लागते. दोन्ही हातांची नाडी चाचपून बघायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं. त्याच वेळी मांडीच्या सांध्यातली नाडी बघितली आणि पायाचं बीपी घेतलं, की महाधमनीची शंकाही बरीचशी फिटते. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. हातांतला फरक घरच्या मशीनवर दिसू शकतो आणि कुणी बघत नाही, म्हणून लिहितेय.

आठवडा संपला, सरासरी आली. ती १२०/८० च्या आत असेल तर तुमची मुलगी बहुधा दवाखान्यात बीपी चढणाऱ्यांपैकी आहे. तरी वही डॉक्टरांना दाखवा, कारण अशा मुलांकडे पुढेही लक्ष ठेवावं लागतं. वर्षातून एकदा हाच आठवडा पुन्हा करायचा. सरासरी १२० ते १२९ मध्ये आली तर खाणं, झोप, खेळ सुधारायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. १३०/८० किंवा त्यापुढे असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जायचंच, त्यात चालढकल नको. आणि १४०/९० च्या पुढे असेल तर त्याच आठवड्यात जा.

ही माझी व्यवहारापुरती विभागणी आहे, हे लक्षात ठेवा. मी दवाखान्यातल्या मोजणीच्या सीमा घरच्या सरासरीला लावल्यात. किशोरांच्या घरच्या मोजणीचा जो तक्ता जगभर वापरला जातो तो ग्रीसमधल्या अथेन्सच्या एका शाळेतल्या ७७८ मुलामुलींवर बेतलेला आहे, २००७ साली प्रसिद्ध झालेला. तिथली मुलं, तिथली अंगकाठी. आपल्या मुलांना तो जसाच्या तसा लावताना डॉक्टर उंची बघतील, आपला अनुभव वापरतील. म्हणून घरच्या वहीवरून शेवटचं निदान आपण करायचं नाही. सरासरी जास्त आली तर बहुतेक डॉक्टर चोवीस तासांचं बीपीचं मशीन लावायला सांगतात. ते कमरेला अडकवतात, पट्टा दंडालाच असतो, आणि दिवसा-रात्री ठरावीक वेळानं ते आपोआप मोजत राहतं. झोपेत बीपी दिवसापेक्षा साधारण दहा टक्के तरी खाली यायला हवं. तसं येतं की नाही हे फक्त त्यातच कळतं, घरच्या मशीनला ते जमत नाही. मुलांच्या निदानासाठी आज सगळ्यांत भरवशाची तपासणी तीच. जिथं ते मशीन मिळत नाही तिथं तुमच्या वहीचं मोल आणखी वाढतं.

डॉक्टरांकडे जाताना वहीसोबत काही गोष्टी आठवून ठेवा. मुलगी पूर्ण दिवसांची होती का, जन्माच्या वेळी वजन किती होतं. लहानपणी तापासोबत लघवीचा संसर्ग झाला होता का, कारण त्यानं मूत्रपिंडावर व्रण राहू शकतात. कधी लघवी चहासारखी लाल किंवा फेसाळ झाली का, सकाळी डोळ्यांवर सूज येते का. रात्री मोठ्यानं घोरते का. पाळी अनियमित म्हणून कुणी हार्मोनच्या गोळ्या दिल्यात का, त्यातल्या काहींनी बीपी वाढतं. नाक चोंदल्यावर घ्यायच्या सर्दीच्या गोळ्या, दम्यासाठी वा कातडीसाठी दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड, जागरणासाठी एनर्जी ड्रिंक, हेही सांगायचं. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असेल तर तेसुद्धा. आयुर्वेदातलं आहे म्हणून ते कुणी औषधात धरत नाही, पण मोठ्या प्रमाणात रोज खाल्लं तर ज्येष्ठमधानं बीपी खरोखर वाढतं. पुढे लघवीची तपासणी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करतंय का ते यातून कळतं) आणि क्षार, चरबी, साखर, गरज वाटल्यास मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि हृदयाचा टू-डी एको असा क्रम लागतो. एकोत बघतात ते हृदयाचा डावा कप्पा जाड झालाय का, म्हणजे बीपी किती काळ त्रास देतंय याचा अंदाज येतो.

आठवडा संपायची वाट कधी बघायची नाही, तेही सांगते. खूप डोकं दुखून उलट्या होणं, नजर अंधूक होणं, झटका येणं, गुंगी येणं, छातीत दुखणं, धाप लागणं, यातलं काही झालं तर मशीन बाजूला ठेवा आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. काही त्रास नसताना आकडा १८०/१२० च्या आसपास आला, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर रात्र असली तरी निघा.

आता स्वयंपाकघर. आजपासून सगळ्या घराचं मीठ कमी करा, एकट्या मुलीचं नको. तिच्या ताटात वेगळी आमटी वाढली की ती ‘आजारी’ ठरते, आणि आजोबांनाही कमी मिठाची गरज आहेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरणारही नाही, आणि त्यात सगळं आलं. आपल्याकडे भाजी-आमटीतल्या मिठाखेरीज पानाच्या डाव्या बाजूनंही बरंच मीठ पोटात जातं: लोणचं, पापड, कुरडई, तळलेली मिरची, चटणी. त्यात क्लासच्या बाहेरचा वडापाव, मिसळीवरची शेव, वेफर्सची पाकिटं, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया आणि त्यांचा मसाला. पेरूला, काकडीला मीठ-तिखट लावणं सोडता आलं तर बघा. सैंधव चालतं असा एक समज आहे, तो सोडून द्या. तेही बहुतांश तेच मीठ आहे. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ मूत्रपिंडाची तपासणी होईपर्यंत आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. वाढवायचं ते वरण, पालेभाजी, कोशिंबीर बिनमिठाची, केळं, ताक साधं, ज्वारीची भाकरी. तुमच्या भागात हे सगळं सहज मिळतं.

दहावीचं वर्ष असल्यानं झोपेवर पहिला घाला पडतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवत असाल तर ते थांबवा, रात्री लवकर झोपत असेल तरच पहाटेचं उठणं चालेल.

आणि कबड्डी थांबवू नका. बीपी पहिल्या टप्प्यात असेल, हृदयावर परिणाम नसेल, तर खेळायला बंदी नसते. उलट रोज तासभर धावपळ हा या वयातल्या बीपीवरचा फार चांगला उपचार आहे. दुसऱ्या टप्प्यात, १४०/९० च्या पुढे सतत राहत असेल, तर ते आटोक्यात येईपर्यंत जोर लावायचे खेळ आणि वजनं उचलणं डॉक्टर थांबवायला सांगतात. दाखला या आठवड्यानंतर मिळेल. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना तुम्ही स्वतः भेटून तेवढी मुदत मागा. तिच्या वजनाबद्दल घरात कुणी टोमणे मारत असेल तर ते तुम्ही बंद पाडा. कमी खा, कमी खा असं सारखं ऐकणारी मुलगी लपून खायला लागते. घरात काय आणायचं नाही ते मोठ्यांनी ठरवायचं असतं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची काळजी नातीच्या प्रेमापोटीच आहे. त्यांना एवढंच सांगा की गावभर सांगायचं नाहीच, हा तिचा खासगी विषय आहे. पण लपवायच्या नादात तपासणी टाळली, तर हृदय आणि मूत्रपिंड गुपचूप झिजत राहतात. आत्ता कारण सापडलं तर काही मुलींचं बीपी मूळ दुखणं बरं झाल्यावर सुटतं, काहींचं वजन आणि मीठ उतरल्यावर उतरतं. ज्यांना गोळी लागते त्यांनाही शिक्षण, खेळ, लग्न, बाळंतपण यातलं काही बंद होत नाही. फक्त लग्नानंतर बाळाचा विचार करण्याआधी गोळी बदलून घ्यावी लागते, कारण काही गोळ्या गर्भाला चालत नाहीत.

खर्चाची काळजी असेल तर हेही लिहून ठेवा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याचं पथक शाळांमध्ये येतं आणि पुढच्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात पाठवतं. शाळेत चौकशी करा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तुमच्या जिल्ह्यात मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या बालरोग विभागात वही घेऊन जाता येईल. जाताना आजोबांचं मशीन, त्याचा पट्टा आणि टेपनं मोजलेला दंडाचा घेर सोबत असू द्या. आणि आकडे डॉक्टरांना तुमच्याऐवजी तिला सांगू द्या.